बहिणीचं रक्त

नवऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट मी कंपनीच्या बसमध्ये फोनवर उघडला. बस मोशीच्या पुढे अडकली होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं आणि शेजारची मुलगी कानात इअरफोन घालून झोपली होती. या रिपोर्टमध्ये एक आलेख असतो, त्यावर लहानमोठे उंचवटे असतात. प्रत्येक उंचवटा म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एकेक प्रकार. त्यातला एक बहुतेकांच्या रिपोर्टमध्ये नसतोच. माझ्या रिपोर्टमध्ये तो शाळेत असल्यापासून आहे, त्यामुळे तो कुठे असतो हे मला शोधावं लागत नाही. नवऱ्याच्या रिपोर्टमध्येही तो होता.

मी वर जाऊन नाव पाहिलं. नाव त्याचंच होतं. वयही बरोबर होतं. मला तेव्हा तिसरा महिना लागला होता. चाकणला उतरेपर्यंत मी खिडकीबाहेर ट्रकांच्या रांगेकडे बघत बसले, पण त्यातलं काही दिसलं असं म्हणता येणार नाही.

इथे माझ्या धाकट्या बहिणीबद्दल सांगायला हवं. तिला सिकलसेल आहे. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात, बारीक नसांमधून अंग चोरून निघून जातात. तिच्या पेशी अंगात पाणी कमी झालं, थंडी वाजली, ताप आला की विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि नसांमध्ये अडकून बसतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोचत नाही, आणि जिथे रक्त पोचत नाही तिथे असं दुखतं की माणूस ओरडायचंसुद्धा विसरतो. एवढं सगळं एका जनुकातलं एक अक्षर चुकल्यामुळे होतं. चुकलेली एक प्रत मिळाली तर माणूस धडधाकट राहतो, त्याला नुसतं वाहक म्हणतात. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही चुकलेल्या प्रती मिळाल्या तर आजार. आई वाहक, बाबा वाहक. मला एक प्रत मिळाली. तिला दोन.

आमचे बाबा भंडाऱ्याकडून लेथवर काम करायला भोसरीला आले होते. एमआयडीसीच्या मागे आमची भाड्याची खोली होती. बहीण लहान असताना तिचे तळहात आणि पावलं सुजायची. थोडी मोठी झाल्यावर मांड्या, पाठ दुखायला लागली. ती उशी तोंडात धरून पडून राहायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, शाळा बुडवायची नाटकं आहेत. नाक्यावरचे डॉक्टर संधिवाताचं इंजेक्शन द्यायचे. शेवटी गावाकडच्या एका नातेवाइकाने सांगितलं म्हणून आमच्या घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दुखण्याला नाव मिळालं. गावाकडे आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत हे नाव आधीपासून होतं. आम्हीच इकडे येऊन ते विसरलो होतो.

पुढे एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये सांगितलं, सख्ख्या भावंडाची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतली रक्त बनवणारी मज्जा, जुळली तर ती घालून हा आजार कायमचा जाऊ शकतो. भावंड वाहक असलं तरी चालतं. मी कॉलेजात होते. माझं रक्त घेतलं. जुळलं नाही. बहीण मला म्हणाली, "जाऊ दे ताई, तुझं नि माझं कधी जुळलंय?" आणि हसली. मी तेव्हापासून तिच्या हसण्याला जरा भिते.

लग्न ठरताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. मी वाहक आहे, तू तपासून घे. तो म्हणाला होता, "माझं झालंय. गावाकडे कॅम्प होता, आम्हा सगळ्यांचं रक्त तपासलं, काही निघालं नाही." तो खोटं बोलणारा माणूस नाही. मी विश्वास ठेवला. आता डॉक्टरांनी नियम म्हणून दोघांचीही तपासणी सांगितली, तेव्हा हा उंचवटा समोर आला.

त्या संध्याकाळी तो शिफ्ट संपवून घरी आला. चाकणच्या एका गाड्यांच्या कारखान्यात तो रोबोटच्या देखभालीचं काम करतो. मी त्याला बूटही काढू दिले नाहीत.

"त्या कॅम्पमध्ये तुला काय सांगितलं होतं? नीट आठव."

"सांगितलं होतं की ए पॉझिटिव्ह आहे."

"तो रक्तगट झाला."

तो दारातच उभा राहिला. मग खाली बसला आणि बुटाची लेस सोडायला लागला. ती सुटेना. मी फोन त्याच्यासमोर धरला. त्याने आलेखाकडे पाहिलं. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे पाहून कळलं. "म्हणजे आता चारात एक?" तो म्हणाला. एवढं त्याला माझ्याकडूनच माहीत झालं होतं. दोन वाहकांच्या प्रत्येक बाळाला चारात एक धोका. मी मान हलवली.

दवाखान्यात डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी सांगितलं, वारेचा बारीकसा तुकडा सुईने काढून तपासता येतो, बाळाला कोणत्या प्रती मिळाल्या ते कळतं. सुईमुळे गर्भ पडायचा थोडा धोका असतो, तो पत्करायचा की नाही हे तुम्ही ठरवा. आणि निकाल वाईट आला तर पुढे काय, तेही तुम्हीच ठरवायचं. कायद्याने गर्भपाताची परवानगी आहे, पण कोणी जबरदस्ती करणार नाही.

नवऱ्याने विचारलं, "मॅडम, आता जनुकं कापून दुरुस्त करतात म्हणे. पोटातच करता नाही येणार?"

"नाही," त्या म्हणाल्या. "परदेशात एकाने भ्रूणांवर गुपचूप असा प्रयोग केला होता. मुलं जन्माला आली. तो तुरुंगात गेला. भ्रूणात केलेला बदल अंगातल्या प्रत्येक पेशीत जातो, पुढच्या पिढ्यांत जातो, आणि चुकीच्या जागी कापलं गेलं तर परत कसं आणणार? मोठ्या पेशंटच्या रक्तावर मात्र हे उपचार परदेशात सुरू झालेत. आपल्याकडे काम चालू आहे. पण तुमचा प्रश्न आजचा आहे."

बाईंना माहीत नव्हतं की ही जनुकं कापायची कात्री जिथून आली, त्याच जिवाणूंच्या भाऊबंदांवर माझं पोट चालतं. मी चाकणच्या पुढे एका डेअरीत सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये आहे. दह्याचं विरजण सांभाळणं हे माझं काम.

आणि त्याच आठवड्यात दूध विरजेना झालं.

टाक्यांवर राजगुरुनगरजवळच्या गावातले एक ऑपरेटर असतात. वय झालेलं, पण आवाज मोठा. त्या दिवशी त्यांचा आवाज बारीक होता. "मॅडम, जरा बघा. टाकी तशीच हाय. आंबट वासच न्हाई."

मी नमुना घेतला. नेहमी या वेळेपर्यंत दूध जड होऊन काठाला धरायला लागतं. हे पाण्यासारखं हलत होतं. आम्लता सुरुवातीला थोडी चढली होती आणि मग जागच्या जागी थांबली होती. हे थांबणं आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. विरजणातले जिवाणू कामाला लागले, वाढले, आणि मधेच कोणीतरी त्यांना मारलं. मारणारा विषाणू असतो. माणसाला त्याचं काही होत नाही, तो फक्त जिवाणूंवर जगतो. जिवाणूच्या अंगाला चिकटतो, आपलं जनुकद्रव्य आत सोडतो, आतल्या आत आपल्या शेकडो प्रती काढून घेतो आणि जिवाणूला फोडून बाहेर पडतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या काचेच्या बशीत दिसलं. जिवाणूंचा पांढुरका थर बशीभर पसरला होता आणि त्यात सगळीकडे स्वच्छ, गोल भोकं पडली होती. प्रत्येक भोक म्हणजे एकेक कत्तल.

ऑपरेटरकाका माझ्या खांद्यावरून बघत होते. "आता वं?"

"सगळं बंद. टाक्या, पाइप, सगळं धुवायचं. हे विरजण टाकून द्यायचं, दुसऱ्या जातीचं लावायचं."

"अन् दुसऱ्यालाबी लागलं तर?"

मी बेसिनकडे पळाले. ते उलट्यांचे दिवस होते, पण ती उलटी भीतीची होती हे मला माहीत होतं.

ते विरजण मी टाकून दिलं, एक बशी मात्र ठेवली. अशा बशीत दोन दिवस वाट पाहिली की मेलेल्यांच्या भोकांमध्ये कधी कधी एखादा बारीक ठिपका उगवतो. तो वाचलेला जिवाणू. विषाणू त्याच्यावरही आला होता, पण तो मेला नाही. असे वाचलेले आम्ही जपतो, त्यांचंच पुढचं विरजण करतो. त्या बशीत ठिपका उगवला होता. मी त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिले. इतक्यांतला हा एकच का वाचला, हा प्रश्न मी दहा वर्षं नोकरीचा भाग म्हणून विचारत आले होते. त्या दिवशी तो प्रश्न बशीतून उठून माझ्या अंगावर आला.

रविवारी मी आईकडे गेले. बाबा गेल्यापासून आई आणि बहीण मोशीला राहतात. बहीण माणच्या एका आयटी कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. ती चहा करायला आत गेली, तेवढ्यात मी आईला सगळं हळू आवाजात सांगितलं.

आईने माझं मनगट धरलं. इतकी वर्षं इकडे राहूनही घाबरली की तिची गावाकडची बोली वर येते. "लवकर टेस्ट करून घे बाई. उशीर नोको करू. अन् खराब निघालं तं..."

बहीण कप घेऊन दारात उभी होती.

"निघालं तर काय, आई?"

"काई नाई."

"बोल ना. मी पोटात असताना ही टेस्ट असती तर तू काय केलं असतंस?"

"तवा आमाले काय मालूम होतं."

"मी ते नाही विचारलं."

बहिणीने कप टेबलावर नीट ठेवले, माझा माझ्यासमोर, आईचा आईसमोर, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी दारापाशी गेले, हाक मारली. आतून ती म्हणाली, "ताई, मी रागावले नाहीये. मला जरा पडायचंय. तू जा."

घरी परतताना स्कूटरवर मागे बसून मी नवऱ्याला म्हणाले, "टेस्ट नको करू या." पुढच्या सिग्नलला म्हणाले, "करू या." तो दोन्ही वेळा "बरं" म्हणाला. तिसऱ्या सिग्नलच्या अलीकडे त्यानेच गाडी कडेला घेतली. म्हणाला, "मलाही कळत नाहीये गं. पण न कळता उरलेले महिने काढणं माझ्याच्याने होणार नाही."

टेस्ट केली. पडद्यावर बाळ दिसत होतं, हात हलवत होतं, आणि त्याच पडद्यावर सुई येताना दिसत होती. मी डोळे मिटले. दुखलं फारसं नाही. त्यानंतर घरी पडून राहायचं आणि रक्त दिसतंय का ते बघत राहायचं. रक्त दिसलं नाही. मी पुन्हा कामावर जायला लागले. निकालाला वेळ लागणार होता.

मी लॅबमध्ये असतानाच दुपारी आईचा फोन आला. बहिणीला दोन दिवस ताप होता, ऑफिसच्या गार एसीत बसून काम केलं होतं, आणि आता छातीत दुखतंय, श्वास पुरत नाहीये. आईला रिक्षाने पिंपरीच्या हॉस्पिटलमध्ये न्यायला सांगून मी टॅक्सीने निघाले. सिकलसेलमध्ये हातपाय दुखणं वेगळं आणि छाती धरणं वेगळं. छातीत पेशी अडकल्या की माणूस जाऊ शकतो. भोसरीच्या पुलाखाली गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या आणि मी मागच्या सीटवर पोटावर हात ठेवून बसले होते. मला कळत नव्हतं की मी कोणासाठी जास्त भिते आहे.

तिला अतिदक्षता विभागात घेतलं होतं. तोंडाला ऑक्सिजन, नखं निळसर. तिचं रक्त थोडं थोडं काढून त्या जागी दुसऱ्याचं चढवत होते. काचेतून तिने मला पाहिलं आणि डोळ्यांनीच विचारलं, तू कशाला आलीस? आई बाहेरच्या खुर्चीत बसून पुटपुटत होती. विहारात रोज म्हणते ती वंदनाच, पण त्या दिवशी ती मधल्या ओळी विसरत होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

बहीण वाचली. चार-पाच दिवसांनी तिला साध्या वॉर्डात आणलं. दुपारच्या भेटीच्या वेळी आई डबा धुवायला गेली होती. बहीण उशीला टेकून बसली होती, आवाज बसलेला.

"ताई, ते कात्रीचं मला नीट समजावून सांग. मी फोनवर वाचते, पण अर्धं कळतं. तुझं दही नि माझं रक्त, यांचा काय संबंध?"

मी तिला बशीतल्या ठिपक्याबद्दल सांगितलं. म्हटलं, "दह्यातल्या जिवाणूंमध्ये अशी कात्री असतेच. विषाणू आत शिरतो तेव्हा बहुतेक मरतात. पण एखादा त्या विषाणूच्या जनुकद्रव्याचा छोटा तुकडा तोडून घेतो आणि स्वतःच्या जनुकांत ठेवून देतो. तिथे अशा तुकड्यांची रांग असते. दोन तुकड्यांच्या मध्ये एकसारखीच ओळ, पुन्हा पुन्हा. शास्त्रज्ञांना आधी त्या एकसारख्या ओळी दिसल्या, त्या कशासाठी आहेत ते कळेना. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की मधले तुकडे विषाणूंचे आहेत. म्हणजे ती आठवण आहे. हल्ला करून गेलेल्यांची."

"आणि?"

"तो विषाणू पुन्हा आला की जिवाणू त्या तुकड्याची नक्कल काढतो आणि एका प्रथिनाच्या हातात देतो. ते प्रथिन म्हणजे कात्री. नक्कल हातात घेऊन ते आत आलेल्या जनुकद्रव्यावरून फिरतं, जिथे अक्षरं जुळतात तिथे थांबतं आणि कापतं. विषाणू खलास. दह्याच्या विरजणावर काम करणाऱ्यांनीच हे दाखवून दिलं, की तुकडा आला की जिवाणू वाचतो, तुकडा काढला की मरतो. पुढे कोणाला तरी सुचलं की नक्कल आपण लिहून दिली तर? कात्री आपण सांगू तिथे कापेल. जिवाणूत, झाडात, माणसात."

"मग माझं चुकलेलं अक्षर कापायचं?"

"तसाही प्रयत्न चाललाय. पण जो उपचार आधी निघाला, तो वेगळा आहे." इथे मी अडखळले. पुढचं सांगायचं म्हणजे माझ्या पोटाबद्दल बोलावं लागणार होतं. "बाळ पोटात असतं तेव्हा त्याच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं. त्याने पेशी वाकत नाहीत. जन्मानंतर काही महिन्यांनी ते बनायचं थांबतं, कारण एक जनुक त्याला थांबवतं. उपचारात तुझ्याच मज्जेतल्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, कात्रीने त्या थांबवणाऱ्याला निकामी करायचं आणि पेशी परत घालायच्या. मग पोटातलं रक्त पुन्हा बनायला लागतं. कोणाशी जुळायची गरज नाही. तुझ्याच पेशी."

तिने माझ्या पोटाकडे पाहिलं. अजून काही दिसण्यासारखं नव्हतं.

"म्हणजे त्याला काही असलं तरी आत्ता त्याला दुखत नाहीये."

"नाही. आत आहे तोवर नाही."

"मी पण आत असताना बरी होते म्हणजे."

मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, "तुला भीती कशाची वाटते? कात्री चुकायची?"

"तीही. चुकून दुसरीकडे अक्षरं जुळली तर तिथेही कापेल. जिवाणूंचंसुद्धा कधी चुकतं. स्वतःचाच तुकडा विषाणूचा म्हणून ठेवतात आणि स्वतःलाच कापून मरतात."

"आणि दुसरी?"

दुसरी तिला माहीतच होती. तीच बोलली. "ताई, टेस्ट वाईट आली तर तू काय करायचं ते तू ठरव. मी काही म्हणणार नाही, आईलाही म्हणू देणार नाही. पण माझ्याकडे बघून ठरवू नकोस. आणि या आठवड्यातल्या माझ्याकडे बघून तर अजिबात नको. मी वर्षभर अशी नसते. मी नोकरी करते, सिनेमे बघते, भांडते. तेही धर त्यात."

तेवढ्यात आई डबा घेऊन आली आणि आम्ही दोघी एकदम खिडकीबाहेर बघायला लागलो.

निकालाचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये नव्या विरजणाची बशी बघत होते. डॉक्टर बाईंचा आवाज ऐकून मी स्टूलवर बसले. "तुमच्यासारखंच आहे," त्या म्हणाल्या. "वाहक. एकच प्रत. आजार नाही." मी त्यांना पुन्हा म्हणायला सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी नवऱ्याला फोन केला, तर पलीकडे मशिनचा आवाज आणि मग नुसता श्वास. तो रडत होता, आणि मधेच कोणीतरी त्याला विचारत होतं, "काय झालं भाऊ?"

मला आनंद झाला, पण त्याला मोकळं होता येईना. हा आनंद कशाचा आहे? बाळ माझ्या बहिणीसारखं नाही, याचा. हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? मी संध्याकाळी तिच्याकडे गेले. ती घरी आली होती, अशक्त, शालीत गुंडाळलेली. मी दारातच सांगून टाकलं. तिने डोळे मिटले आणि भिंतीला हात लावला. मला वाटलं तिला चक्कर आली. ती म्हणाली, "मी इतकी घाबरले होते ना ताई. तुला काय सांगू." आणि मग आईला हाक मारून म्हणाली, शिरा कर. आईने केला. तिने दोनच घास खाल्ले.

मुलगी झाली. तरी माझी भीती गेली नाही. सहा महिन्यांच्या सुमाराला पोटातलं रक्त बदलून खरं रक्त येतं, हे मला माहीत होतं. ती रडली की मी आधी तिचे तळहात दाबून बघायचे, सूज आहे का. पावलं बघायचे. नवरा म्हणायचा, "अगं, रिपोर्ट आलाय ना?" रिपोर्ट माझ्या डोक्यात होता, हातांना तो पटत नव्हता. शेवटी मी तिचं रक्त पुन्हा तपासून घेतलं. आलेखावर नेहमीचा आणि तो, असे दोन मोठे उंचवटे होते, माझ्यासारखेच. त्यानंतर हात थोडे थांबले.

गेल्या महिन्यात बहिणीने मला सोबत बोलावलं. रक्ताच्या तज्ज्ञांशी तिने आपणहून वेळ घेतली होती. आईला सांगितलं नव्हतं. त्या गृहस्थांनी काही लपवलं नाही. हा उपचार इथे मिळायला लागला तर तिचा विचार होऊ शकतो, पण कधी, हे ते सांगू शकत नव्हते. आधी फुप्फुसं नि यकृत ठीक हवं. दुरुस्त पेशी घालण्याआधी जुनी मज्जा जबर औषधांनी मारून टाकावी लागते. काही आठवडे एकटीला खोलीत राहावं लागतं, तेव्हा अंगात कशाशीच लढायची ताकद नसते, साधं इन्फेक्शन जिवावर बेतू शकतं. नंतर मूल होईलच असं नाही. आणि वीस वर्षांनी या पेशी कशा वागतील, हे आज कोणालाच माहीत नाही.

बहिणीने विचारलं, "आणि नाही केलं तर?"

ते म्हणाले, "तेही मी छातीठोक सांगू शकत नाही. तुमची छाती आता एकदा धरून झाली आहे."

आम्ही बाहेर आलो. दुपार होती, फुटपाथवर माणसांची ये-जा चालू होती, समोर शेअर रिक्षावाला भोसरी भोसरी करत होता. ती झाडाखाली थांबली.

"ताई, मी त्यांना हो म्हणणार आहे. बोलावलं की."

"आत्ता लगेच ठरवायचं नाहीये."

"मी लगेच नाही ठरवलं. उशी तोंडात धरून पडायचे ना, तेव्हापासून ठरवतेय." मग ती खाली बघत म्हणाली, "भीती वाटते पण."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून स्वतःबद्दल कधी ऐकलं नव्हतं. मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. मी त्या कात्रीबद्दल जेवढं जाणते, तेवढं आमच्या घरात कोणी जाणत नाही, आणि त्या जाणण्यातून धीर देण्यासारखं एकही वाक्य मला मिळालं नाही.

"मलाही वाटते," मी म्हणाले.

तिने माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, अर्धी संपवली. पाणी तिला आठवणीने प्यावं लागतं. मग घड्याळ पाहिलं, दुपारची मीटिंग आहे म्हणाली, आणि माणची बस पकडायला रस्ता ओलांडून गेली. मी लेकीला पाळणाघरातून आणायला उलट दिशेने निघाले. थोडं पुढे जाऊन मी मागे वळून पाहिलं. बस आली होती आणि ती गर्दीत शिरून चढत होती, एक हात दांडीला, दुसऱ्या हातात अजून माझीच बाटली.